टिचकीच्या मापाची सायकल

टिचकीच्या हातून कप निसटला आणि आईच्या मनात जी काळजी शिरली, ती मुक्काम ठोकूनच बसली.

कप फुटल्याचं काही नव्हतं. कप फुटायचेच. पण टिचकीच्या हातून कधी काही पडत नसे. काच, चिनी माती, बाबांचा चष्मा, घरात जे काही पडायचं ते आईच्या नाहीतर बाबांच्या हातून, आणि टिचकी ते वरच्या वर झेलायची. आज मात्र ती ओट्यापाशी उभी राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, शेजारणीने सांभाळायला दिलेल्या वस्तूकडे बघावं तशी.

"मुंग्या आल्या का हाताला?" आईने विचारलं.

"येतात अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे कधी?"

"आई, कप पडलाय. मी नाही पडले," असं म्हणून ती झाडू आणायला गेली. पण झाडू धरताना तिची करंगळी आणि शेजारचं बोट नीट मिटत नव्हतं, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

कुणी म्हणेल, दोन बोटांचं एवढं काय घेऊन बसलात. पण टिचकीचं पोट त्या बोटांवर होतं. ती डेंटल लॅबमध्ये काम करायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून तिथे कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या तयार होतात. टिचकी मेणात दाढा कोरायची. दाढेवरचे उंचवटे, मधल्या खाचा, वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठे टेकणार, हे सगळं एका बारीक सुरीच्या टोकाने आणि श्वास रोखून. बघणाऱ्याला वाटतं, हे काम अंगठा आणि पुढची दोन बोटं करतात. पण हात टेकवून स्थिर धरायचं काम मागच्या दोन बोटांचं. ती बोटं झोपली की सुरी थरथरते, आणि सुरी थरथरली की कुणाच्या तरी तोंडात दाढ टोचते. आईला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला.

टिचकी हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. टीचभर होती म्हणून टिचकी. तेव्हा सगळे हसले आणि म्हणाले, वाढेल की. आईने तर त्या भरवशावर तिचे सगळे कपडे वाढत्या अंगाचे घेतले. अंग काही वाढलं नाही, बाह्या मात्र कायमच्या दुमडलेल्या राहिल्या. चपला घालून पावणेपाच फूट, तिथे जी गाडी थांबली ती थांबलीच.

त्याबद्दल तिला कुणी डिवचायला गेलं की त्याचीच फजिती व्हायची. आत्या एकदा म्हणाली, "अगं, रोज जरा बारला लोंबकळत जा, उंची वाढते."

"लोंबकळायला आधी बारपर्यंत हात पोचायला हवा ना आत्या. तेवढं तू उचलून दे रोज येऊन."

उंच माणूस भेटला की ती मान वर करून विचारायची, "काय म्हणते तिकडची हवा?" पण हे सगळं तोंडाने. मनातून तिने जगाशी कधी भांडण काढलं नाही. वरच्या फळीवरचे डबे काढायला तिच्याकडे पुढे चिमटा बांधलेली काठी होती. बसमध्ये वरच्या दांड्याला हात पोचत नाही म्हणून ती चढल्या चढल्या उभा खांब शोधायची. पँट घेतली की पाय कापायचे, कोट घेतला की बाह्या आत घालायच्या, खुर्ची मिळाली की पायाखाली काहीतरी घ्यायचं. नातेवाईक म्हणायचे, "हिचं बाई कशावाचून अडत नाही, कशातही भागवते." हे ऐकलं की आईला अभिमान वाटायचा.

सायकलचंही तसंच झालं. दादा नोकरीसाठी दूर गेला आणि त्याची वाकड्या हँडलची, बारीक चाकांची रेसर सायकल जिन्याखाली पडून राहिली. दादा बाबांवर गेलेला, ताडमाड. टिचकीने ती सायकल पुसली, हवा भरली आणि फाटकाच्या पायरीवर उभी राहून तिच्यावर टांग टाकली. लॅबला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, त्या वाचल्या.

मग ती त्या सायकलच्या मागे लागली. सीट होईल तेवढी खाली घेतली. तरी हँडल लांब पडायचं म्हणून सीट पुढे सरकवली. तरी पडायचं, म्हणून हँडल धरणारा पुढचा दांडा काढून आखूड दांडा बसवून आणला. ब्रेकच्या पट्ट्या इतक्या लांब होत्या की तिची बोटं नुसती टोकाला टेकायची. त्यावर तिने लॅबमध्ये बसून कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याच्या छोट्या पाचरी बनवल्या आणि पट्ट्यांच्या मुळाशी बसवल्या. पट्ट्या जवळ आल्या. बाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेकला हिरड्या फुटल्यात. आता दात येतील तेव्हा सांग, पेढे—" आई त्यांच्याकडे बघायला लागली तसे ते गप्प झाले. आईला त्या सायकलचं कौतुक नव्हतं. रस्ते, ट्रक, पहाटेचा अंधार, तिच्या डोक्यात भीतीची यादी तयारच असायची.

तरी एकदा आईने टिचकीला सायकलवर खरीखुरी पाहिली, आणि ते ती विसरू शकली नाही. रविवारी एक टोळकं लांबवर सायकल मारायला जायचं, बहुतेक सगळे दांडगे बाप्ये. गावाबाहेरच्या घाटावर ते वर चढून येणार होते, म्हणून बाबांनी आईला स्कूटरवर बसवून आधीच माथ्यावर नेलं. दोघं कठड्यावर चहाचा थर्मास घेऊन बसली. सपाटीवर टिचकी नेहमी शेवटी असते, हे ती स्वतःच सांगायची. खालच्या वळणावर एक ठिपका दिसला. तो कोण ते कळायच्या आत दुसऱ्या वळणावर आला. बैलाच्या पाठीवर चिमणी बसावी तशी त्या अजस्र सायकलवर ती बसली होती, हात पुढे ताणलेले, खांदे कानांना लागलेले, आणि पाय मात्र असे फिरत होते की चढ आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मागे दोन वळणं सोडून एक सहाफुटी गृहस्थ धापा टाकत येत होता. टिचकी मागे वळून त्याला ओरडली, "चला काका, चहा गार होतोय!"

आई त्या दिवशी भीती विसरली. थर्मासचं झाकणही विसरली, ते घाटातच राहिलं.

पण कपाच्या प्रकारानंतर तिला आठवले ते कानांना लागलेले खांदे आणि ताणलेले हात.

हाताच्या डॉक्टरीणबाईंनी टिचकीची बोटं दाबून पाहिली, कागदाचा तुकडा बोटांच्या चिमटीत धरायला लावला आणि ओढला. कागद निसटला. "काम काय करता?" मग, "आणखी काय करता?" सायकल म्हटल्यावर त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "सायकलवर जशा बसता तशा बसून दाखवा." टिचकी पुढे झुकली, हात लांब केले.

"सगळं अंग तळहातांवर टाकताय तुम्ही. करंगळीकडे जाणारी नस इथे, तळहाताच्या कडेला, रोज चिरडली जाते. ही सायकल तुमची नाही."

"दादाची आहे."

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी स्पष्टच सांगितलं. बोटांत पूर्ण जाण येईपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. त्यानंतर एकतर सायकल कायमची सोडायची, नाहीतर स्वतःच्या अंगाला बसेल अशी घ्यायची. पुन्हा याच सायकलवर बसलात तर हाताचे स्नायू जायला लागतील, मग मेण कोरणं विसरा.

दोन मार्गांपैकी पहिला आईला तिथल्या तिथे पटला. घरी आल्यावर टिचकीने सायकल भिंतीवरच्या खुंट्यांना टांगली आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टिचकी स्वतःशीच हसत होती.

"आई, मी किती मूर्ख आहे सांगू? लॅबमध्ये आम्ही आधी तोंडाचं माप घेतो, मग दात करतो. इथे मी आधी कवळी आणली आणि इतकी वर्षं तिच्यात तोंड बसवत बसले. कानस घेऊन तोंडच घासायला निघाले होते."

"मग आता सोड ना बाई."

"आता माप घेते," टिचकी म्हणाली.

माप घ्यायचा तो रविवार बाबांनी पुढे कित्येक महिने लोकांना सांगितला, जरी प्रत्यक्षात त्यांना गॅलरीत हाकलून दार लावून घेतलं होतं. टिचकी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिली. पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा शब्दकोश उभा धरून तो वर, जाईल तेवढा वर दाबायचा आणि त्याची कड भिंतीवर जिथे येईल तिथे पेन्सिलने खूण करायची, हे काम आईकडे आलं.

"अजून वर दाब."

"अगं, लागेल!"

"सीटवर बसल्यावर एवढाच दाब येतो. दाब."

"बाबांनी शब्दकोश वाचायला आणला होता की चालवायला!"

गॅलरीतून आवाज आला, "कुठलं पान उघडलंय?"

दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या आणि खूण पुन्हा करावी लागली. मग टिचकीने सोफ्याच्या हातावर बैठक मारली आणि पुढे इस्त्रीचं टेबल ठेवायला लावलं. आई ते टेबल कधी वर, कधी खाली, कधी बोटभर जवळ घ्यायची, आणि टिचकी डोळे मिटून त्यावर हात ठेवायची. लांब असलं की खांदे वर यायचे. फार जवळ आलं की कोपरं बरगड्यांना लागायची. एका जागी टेबल आलं आणि टिचकीचे खांदे आपसूक खाली उतरले, कोपरं किंचित वाकली, तळहात टेबलावर नुसते ठेवल्यासारखे राहिले. आई त्यांच्याखाली हात घालून बघू लागली. वजनच नव्हतं. "इथे," टिचकी डोळे न उघडता म्हणाली. आईने टेप लावली. तो आकडा दादाच्या सायकलपेक्षा वीतभर कमी होता. टिचकीने लिहून घेतला, पण आईला तो असाच पाठ झाला.

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. आई बरोबर जायची. टिचकी म्हणायची, कशाला येतेस; आई म्हणायची, बाजारात मला काम आहे. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने टिचकीच्या डोक्यावरून थेट आईला विचारलं, "बाळासाठी हवीय का?"

"बाळ बत्तीस वर्षांचं आहे," खालून उत्तर आलं.

दुसऱ्याने लेडीज म्हणून एक अवजड सायकल पुढे केली, पुढे टोपली लावलेली. टोपली फुकट म्हणाला. टिचकी म्हणाली, "मग त्या टोपलीत मीच बसते, तुम्ही चालवा." तिसरा नुसती सीट खाली करत गेला आणि पाय जमिनीला टेकल्यावर विजयी मुद्रेने म्हणाला, "टेकले! झालं!" पाय टेकण्यावर सगळं ठरत असतं तर तिने घसरगुंडीच विकत घेतली असती, असं टिचकी बाहेर आल्यावर म्हणाली.

एक दुकानदार मात्र खरंच जाणता आणि सज्जन होता. त्याने कंपनीकडून सगळ्यात छोटी फ्रेम मागवून घेतली. दिसायला देखणी, हलकी, टिचकीच्या उंचीला शोभणारी. टिचकीने दुकानाच्या मागच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. सरळ जाताना सगळं छान होतं. कोपऱ्यावर हळू वळायला गेली आणि तिच्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला अडकलं. सायकल जागच्या जागी थबकली आणि टिचकी कशीबशी एका पायावर उतरली.

"फ्रेम आखूड केली, पण चाकं मोठ्या माणसाचीच ठेवलीत यांनी," टिचकी वाकून बघत म्हणाली. "म्हणून चाक पायात येतंय."

"सगळ्यांच्या येतं थोडंफार," दुकानदार म्हणाला. "सवय होईल ताई. भागवून घ्याल तुम्ही."

"नाही. आता भागवायचं नाही."

हे वाक्य टिचकीच्या तोंडून आईने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आवाज चढलेला नव्हता. भाजीवालीला पिशवी नको म्हणावं इतक्या साधेपणाने ती म्हणाली होती. दुकानदाराने मान डोलावली. लहान चाकांच्याही येतात, म्हणाला, पण त्या मागवणार कोण, गिऱ्हाईकच नाही. अंगाच्या मापाची मुद्दाम बांधून घ्यायची तर ते ऐपतीबाहेरचं काम होतं.

घरी येताना टिचकी बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "वर्षअखेरपर्यंत मिळाली तर घेते. नाही मिळाली तर दादाची विकून टाकते आणि विषय बंद. हात आधी."

तुझ्या तोंडात साखर पडो, असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

टिचकीने दुकानांच्या फळ्यांवर आणि सायकलवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपांवर निरोप टाकला: अमुक मापाची, लहान चाकांची जुनी रेसर सायकल कुणाकडे असेल तर कळवा. खाली आईचा नंबर दिला, कारण लॅबमध्ये हात प्लास्टरने माखलेले असतात आणि फोन ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. फोन येऊ लागले. एका गृहस्थाने नातवाची सायकल देऊ केली, आधाराची दोन चाकं सोबत. दुसऱ्याकडे घडीची सायकल होती, डिकीत मावते म्हणे. संध्याकाळी टिचकी आली की आई ते सगळं तिखटमीठ लावून सांगायची. असल्या फोनांची बातमी द्यायला तिला काहीच जड जात नसे.

महिने गेले. टिचकीची बोटं हळूहळू परतली. आधी टोचल्यासारखं झालं, मग ऊन-गार कळायला लागलं, मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी ओढलेला कागद चिमटीत फाटला पण सुटला नाही. लॅबमधल्या दाढा पुन्हा पहिल्यासारख्या होऊ लागल्या. टिचकी पूर्वीसारखीच दोन बस बदलून जायची यायची, हसायची, बाबांची थट्टा करायची. रविवारी उशिरा उठायची. दादाच्या सायकलला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं तिने.

आणि वर्ष संपत आलं असताना एका सकाळी, टिचकी कामाला गेल्यावर, तो फोन आला.

"निरोप तुमच्या मुलीने टाकलाय का? केवढी आहे ती?" बाईंचा आवाज वयस्कर पण खणखणीत होता, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा.

"पावणेपाच फूट. चपला घालून."

"अरे वा! मी तिच्याहून बोटभर उंच. म्हणजे होते, आता तेवढी झिजलेही असेन. शाळेत खेळ शिकवायचे मी. पोरं पाठीमागे मला अर्धी बाई म्हणायची. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती कुणाची." त्या मोठ्याने हसल्या. मग सांगितलं, त्या दुसऱ्या गावी राहायच्या आणि त्यांच्याकडे एक सायकल होती. एका कारागिराने फक्त त्यांच्यासाठी बांधलेली, लहान चाकं, अरुंद हँडल, पॅडलचे दांडेसुद्धा आखूड. त्यावर त्यांनी निम्मा मुलूख पालथा घातला. आता खुब्याने राजीनामा दिला होता.

"एक गृहस्थ मागतायत, अकरा वर्षांच्या मुलीसाठी. ती वर्षभर चालवेल, मग तिला लहान होईल आणि सायकल गॅलरीत गंजत पडेल. मला ती अशा कुणाला द्यायचीय, जिला ती पुढच्या वर्षीही बसेल. पण ते संध्याकाळी येणार आहेत. तोवर तुमचा निरोप आला तर त्यांना नाही म्हणेन. नाही आला तर देऊन टाकेन. दारात उभी असते ती, मला बघवत नाही."

"सांगते हं तिला," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खुर्चीत बसून राहिली. बोटं बरी झाली होती. जो धोका होता तो टळला होता. ही सायकल आली की पुन्हा पहाटेचा अंधार, पुन्हा ट्रक, पुन्हा दारात उभं राहून वाट बघणं. आणि सायकल बसतेय असं म्हणतात सगळे. नाही बसली तर? पुन्हा नस, पुन्हा कागद निसटणार. यात खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं होतं. टिचकीच्या कानावर कधीच आलं नसतं.

टेबलावर टिचकीचा डबा राहिला होता. आईने तो पिशवीत घातला आणि घराला कुलूप लावलं. डबा पोचवते, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढचं तिथे गेल्यावर बघू.

आजवर आई लॅबच्या इमारतीखालीच थांबायची. आज ती जिना चढून वर गेली. दार ढकलल्याबरोबर वितळलेल्या मेणाचा आणि कसल्यातरी उग्र औषधाचा वास आला. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर छोटा बर्नर, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, सगळे हसत असल्यासारखे. लॅबच्या मालकीणबाईंनी आईला ओळखलं.

"या, या! तुमचीच वाट बघत होते म्हणायला हवं. हे बघा, तुमच्या लेकीचं काम." त्यांनी एक जबडा हातात दिला. आईला त्यातलं काही कळलं नाही, दातांसारखे दात होते. मालकीणबाई म्हणाल्या, "एक आजोबा आहेत, चार ठिकाणी कवळ्या करून घेतल्या, चारही कपाटात. मग हिने केली. परवा त्यांनी कवळी हरवली म्हणून घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलट्या करून झाल्या. शेवटी सुनेने सांगितलं, मामंजी, तोंडात आहे."

आई हसली आणि तिची नजर पलीकडे गेली. टिचकी खिडकीजवळच्या टेबलाशी पाठमोरी काम करत होती. टेबलं सगळी एकाच उंचीची, आणि ती उंची टिचकीसाठी नव्हती. ती एका उंच स्टुलावर बसली होती. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली एक खोकं होतं, खोक्यावर पुन्हा एक फळी. दिवा इतरांच्या मानेच्या हिशेबाने बसवलेला, म्हणून उजेड डोळ्यांत येऊ नये यासाठी तिने मान एका बाजूला घातली होती. हात मात्र स्थिर होता. मागची दोन बोटं जबड्यावर टेकलेली, सुरीचं टोक मेणातून केसाएवढी चीर काढत होतं.

"मान बघा कशी घालते," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कितीदा म्हटलं, सुताराला बोलावते, तुझं टेबल कापून देते. म्हणते, नको मॅडम, भागतंय."

टिचकीने वळून पाहिलं आणि टुणकन खाली उडी मारली. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"डबा विसरलीस."

"त्यासाठी दोन बस बदलून आलीस?" ती फडक्याला हात पुसत जवळ आली. हाताचं बोट न् बोट पुसता पुसता, खालीच बघत, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "कुणाचा फोन नाही ना आला?"

"आधी जेवून घे. मग बोलू."

"म्हणजे पुन्हा आधाराची चाकं," टिचकी हसत म्हणाली. "असू दे गं. दादाच्या सायकलचं गिऱ्हाईक शनिवारी येतंय, त्यालाच विचारते आधाराची चाकं हवीत का."

डबा कपाटात ठेवून ती परत जागेवर गेली. टेबलाची कड धरून तिने एक गुडघा खोक्यावर ठेवला, मग फळीवर पाय, मग अंग वर ओढून घेत ती स्टुलावर चढली आणि मान पुन्हा त्याच बाजूला घातली. दहा वर्षं ती याच जागी बसत होती, आणि आईला वाटलं, ही अजूनही इथे परक्या घरी आल्यासारखी चढून बसते. बसमध्ये तशी, घरातल्या खुर्चीत तशी. तिने एकदाही म्हटलं नव्हतं की हे बदला. टेबल कापून देतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणाली. आयुष्यभरात तिने एकच गोष्ट मागितली होती, जिच्यावर बसल्यावर तिला अंग चोरावं लागणार नाही, आणि तीही न मिळाली तर सोडून द्यायला ती हसत तयार झाली होती.

आई मालकीणबाईंचा निरोप घेऊन बाहेर आली. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी होती, तिथे ती थांबली. वरून कुणीतरी घाईने उतरत होतं, त्याला तिने वाट दिली.

धास्ती गेली नव्हती. ती कुठे जाणार. पण आता तिला त्या धास्तीचं काय करायचं ते कळलं. खेळाच्या बाईंना ती आधी टेप घेऊन यायला सांगणार होती. सीटच्या मध्यापासून हँडलपर्यंत, सरळ, सैल न सोडता. तो इस्त्रीच्या टेबलाचा आकडा तिला पाठ होता. पाव बोटाचाही फरक पडला तर त्यांनी सायकल खुशाल त्या अकरा वर्षांच्या मुलीला द्यावी, कारण टिचकीच्या बोटांच्या जिवावर पुन्हा कुणी भागवून घेतलेलं आईला चालणार नव्हतं. मग पुढचं चाक आणि बुटाचं टोक, तेही वळवून बघायला सांगायचं. आणि सगळं बरोबर निघालं, तर संध्याकाळच्या त्या गृहस्थांना नाही म्हणून सांगा, आम्ही दोघी उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघतोय.

हे बोलून झाल्यावरच पुन्हा वर जाऊन टिचकीला सांगायचं, आधी नाही, असं आईने ठरवलं. आणि तिने पर्समधून फोन काढला.